पत्र्याखालची हवा
मुलांनो, मे महिन्यात सेलूला पारा 45 अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी पत्र्याच्या खोलीतील माळ्यावर चढून पाहा. वर भट्टी, जमिनीवर मात्र थोडे बरे! असे का?

चुलीवरच्या पातेल्यात खालचे पाणी तापते, हलके होऊन वर जाते. वरचे थंड पाणी खाली येते. पाणी फिरत राहते. पत्र्याखाली उष्णता वरून येते. तापलेली हवा आधीच वर असते, ती खाली कशाला येईल? (पत्रा अंगावर उष्णता फेकतो, ती वेगळीच.) म्हणून झरोका छताजवळ असावा. त्यातून गरम हवा बाहेर पडते आणि दारातून दुसरी आत येते.

शास्त्रज्ञ संगणकावर खोलीचे बारीक बारीक खण पाडतात. प्रत्येक खणातील हवेचे तापमान व वेग गणिताने काढतात. झरोका कोठे ठेवावा, हे भिंत फोडण्यापूर्वीच कळते.