चाळिशीचा डोळा आणि कॅमेऱ्याची खिडकी

कारंजा तालुक्यातल्या कामरगावासारख्या कापूसपट्ट्यात भाव पडले की शेतकरी माल घरातच रचून ठेवतात. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या या कापसाने अंगाला खाज सुटते, ही तक्रार तिथे नवी नाही. हा विषय छायाचित्रांतून मांडायचा झाला, तर फिल्मवर काम करणाऱ्याने रेंजफाइंडर कॅमेरा घ्यावा की रिफ्लेक्स?

आपल्या दोन बुबुळांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू जवळ-दूर ओळखतो. रेंजफाइंडरची युक्तीही हीच. १९५४ च्या लायका एम३ मध्ये दोन खिडक्यांतले अंतर सुमारे ६९ मिलिमीटर आहे. भिंग फिरवले की दुहेरी दिसणारी प्रतिमा सरकत एक होते. दोन रेघा एका ओळीत आल्या का, हे ओळखण्यात डोळा भलताच तरबेज असतो. तपासणीच्या तक्त्यावर अक्षरे वाचताना लागते त्याहून कितीतरी बारीक नजर इथे चालते. म्हणून कवेलूच्या घरातल्या मंद उजेडातही फोकस जमतो. आरसा नसल्याने आवाजही कमी. ढिगाशेजारी निजलेल्याची झोप मोडत नाही.

रिफ्लेक्समध्ये भिंगातले दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत येते. फोटो निघताना आरसा उचलला जातो आणि नेमका तोच क्षण दिसत नाही. पण हातावरचे पुरळ टिपायचे, तर हाच कॅमेरा हवा. रेंजफाइंडर बहुधा ७० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, शिवाय त्याची खिडकी भिंगाच्या बाजूला असते. मनगट मधोमध धरावे आणि फोटोत ते कडेला जावे, असे होते. या विषयासाठी एकच कॅमेरा परवडणार असेल, तर रिफ्लेक्सच बरा. जुन्या बाजारात तो लायकापेक्षा पुष्कळ स्वस्तही मिळतो.

चाळिशी लागलेल्यांनी धास्ती घेऊ नये. खिडकीतले चित्र सहसा एक-दोन मीटरवर असल्यासारखे दिसते, त्याला वाचायचा चष्मा लागत नाही. भिंगावरचे आकडे वाचायला मात्र लागतो, आणि चष्मा काढ-घाल करण्यात प्रसंग निसटतो. दूरचा किंवा सिलिंडरचा नंबर असलेल्यांनी चष्म्यासकट चौकटीच्या चारही कडा दिसतात का, ते पाहावे. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर रेंजफाइंडरमधली फिकी प्रतिमा आणखी पुसट होते. त्यामुळे दुकानात काउंटरच्या झगझगीत दिव्याखाली कॅमेरा पारखू नये. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात फोकस करून पाहावा, तोही आपल्या नेहमीच्या डोळ्याने.