रक्ताला स्पर्श कळतो

वाहत्या जखमेवर चिनी माती लावायची, हे ऐकायला अघोरी वाटेल. पण रक्तस्राव थांबवणाऱ्या आजच्या एका नावाजलेल्या पट्टीत नेमकी तीच असते. साध्या गॉजच्या धाग्यांवर केओलिनची, म्हणजे शुद्ध केलेल्या चिनी मातीची, बारीक पूड बसवलेली असते. बाकी औषध काही नाही. २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या तज्ज्ञांनी रणांगणासाठी या पट्टीला पसंती दिली. आता कापलेल्या बोटासाठी, खरचटलेल्या गुडघ्यासाठी, घोळणा फुटलेल्या नाकासाठी तिचे छोटे प्रकारही मिळतात.

मातीचा आणि रक्ताचा संबंध तरी काय?

रक्तापुढे जन्मभर एकच पेच असतो. शिरेत असताना गोठायचं नाही आणि शिरेबाहेर पडलं की काही मिनिटांत गोठायचं. आत आहोत की बाहेर, हे त्याला कळणार कसं? ते ठरतं स्पर्शावरून. रक्तवाहिनीचं अस्तर रक्ताच्या ओळखीचं असतं. शिवाय गुठळी होऊ न देणारी द्रव्यं हे अस्तर स्वतःच सोडत असतं. भाजी चिरताना विळी बोटात शिरते, अस्तर फाटतं आणि त्याच्यामागचं कोलॅजन उघडं पडतं. रक्ताला एरवी ते कधीच शिवलेलं नसतं. तो स्पर्श झाला की प्लेटलेट्स तिथे चिकटू लागतात. डेंग्यूच्या दिवसांत ज्यांचा आकडा घरोघरी विचारला जातो, त्याच या प्लेटलेट्स. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात. जिउलिओ बित्सोझेरो या इटालियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये त्यांचं हे काम ओळखलं.

पण प्लेटलेट्सचा बोळा कच्चा असतो. त्याला घट्ट करतं फायब्रिन. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. थ्रॉम्बिन हे विकर त्याचे बारीक तुकडे छाटतं आणि उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन धागे बनतात. कोळ्याच्या जाळ्यात मासळी अडकावी तशा त्यात लाल पेशी अडकतात. थ्रॉम्बिन तयार होण्याआधी रक्तातले घटक एकामागून एक जागे व्हावे लागतात, आणि माती आपलं काम करते ती इथेच.

केओलिनचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रक्तातला बारावा घटक (या घटकांना क्रमांकच दिलेले आहेत) अशा पृष्ठभागाला टेकला की त्याचा आकार पालटतो आणि तो कामाला लागतो. तो अकराव्याला जागं करतो, अकरावा नवव्याला, आणि ही साखळी थ्रॉम्बिनपर्यंत पोचते. काचेच्या नळीत काढलेलं रक्त गोठतं ते याच कारणाने, कारण काचेचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. शस्त्रक्रियेआधीच्या रिपोर्टवर ‘एपीटीटी’ अशी एक ओळ असते. ती तपासणी करताना कित्येक प्रयोगशाळा रक्तद्रवात केओलिनच घालतात आणि गोठायला किती सेकंद लागले ते मोजतात. म्हणजे पट्टीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून ही माती रक्ताच्या प्रयोगशाळेत होती!

या बाराव्या घटकाची कहाणी मला साऱ्या रक्तविज्ञानातली सर्वात विलक्षण वाटते. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये जॉन हेगमन नावाचे एक रेल्वे कामगार होते. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत दिसलं की नळीतलं त्यांचं रक्त गोठायला भलताच वेळ लागतो. पण या माणसाला रक्तस्रावाचा त्रास कधीच झालेला नव्हता. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ मध्ये उलगडा केला तो असा, की हेगमन यांच्या रक्तात एक घटकच नव्हता. त्या घटकाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. १९६८ मध्ये हाड मोडल्यानंतर फुप्फुसात गुठळी अडकून ते गेले. ज्यांचं रक्त काचेत गोठत नव्हतं, त्यांचा मृत्यू गुठळीने झाला. देवमाशांच्या रक्तातही हा घटक नाही, पक्ष्यांतही नाही, आणि जखमा त्यांच्याही भरतात.

याचा अर्थ काय होतो, ते पाहा. साधी जखम बंद करायला शरीराला बारावा घटक जवळजवळ लागतच नाही. फाटलेल्या पेशींतून मिळणाऱ्या वेगळ्याच इशाऱ्यावर ते गोठण सुरू करतं. पट्टीवरची माती मात्र या क्वचित वापरल्या जाणाऱ्या वाटेने आत शिरते आणि त्याच थ्रॉम्बिनपाशी पोचते. एका कामाला दोन वाटा मिळतात आणि गोठण लवकर होतं.

कोळंबीच्या सालांपासून बनणाऱ्या पट्टीची गोष्ट याहून वेगळी. या सालांत कायटिन असतं. त्यावर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. आपल्या लाल पेशींच्या अंगावर ऋणभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात आणि रक्त सुरळीत वाहतं. कायटोसानवर असतो धनभार. लाल पेशी त्याच्याकडे ओढल्या जातात, दाटीवाटीने चिकटतात आणि जखमेचं तोंड बुजवतात. यात गोठण्याच्या साखळीची फारशी गरजच पडत नाही. त्यामुळे हेपरिन हे गोठण रोखणारं औषध मिसळलेल्या रक्तातही ही पट्टी चालते. ॲस्पिरिनची एक गोळी प्लेटलेटला तिच्या उरलेल्या आयुष्यासाठी, म्हणजे आठवडा-दहा दिवस, निकामी करून ठेवते. ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाचं दाढी करताना कापलेलं लवकर थांबत नाही. त्याला, किंवा डायलिसिसची सुई काढल्यावर दाबून बसलेल्या रुग्णाला, या पट्टीचं मोल कळतं. भारतातही कायटोसानच्या पट्ट्या बनतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोळंबी सोलून जे फेकलं जातं, त्यात हे सामर्थ्य आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

समुद्री शेवाळापासून बनणारी अल्जिनेटची पट्टी जखमेला कॅल्शियम देते आणि मोबदल्यात सोडियम घेते. गोठण्याच्या साखळीला कॅल्शियम हवंच असतं. दात काढल्यावर खड्ड्यात कधी कधी ठेवतात तो जिलेटिनचा स्पंज रक्ताला गोठायला आधार देतो.

आणि आपली हळद? तुरटी? न्हाव्याच्या दुकानातली तुरटी खरोखर काम करते: ती प्रथिनं साकळवते आणि कातडी आक्रसते, म्हणून वस्तऱ्याचं बारीक कापलेलं थांबतं. हळदीबद्दल मला इतकी खात्री देता येत नाही. प्रयोगशाळेत हळदीतलं कर्क्युमिन प्लेटलेट्सना एकत्र येण्यापासून रोखतं, असं दिसलं आहे. डब्यातली पूड निर्जंतुकही नसते. आजीने हळद दाबून धरलेली असायची, आणि थांबवण्याचं बरंचसं श्रेय त्या दाबाचं असावं.

दाब कुणालाच चुकलेला नाही. रणांगणावरची केओलिनची पट्टीसुद्धा जखमेत भरून किमान तीन मिनिटं घट्ट दाबावी लागते. घरी कापलं तर वाहत्या पाण्याने धुवावं, पट्टी किंवा स्वच्छ कापड ठेवून दहा मिनिटं दाबावं आणि मध्ये उचलून बघू नये. उचललं की नुकते विणलेले धागे तुटतात. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नये, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरावा. रक्त उसळून येत असेल, जखम खोल असेल किंवा दाबूनही थांबत नसेल, तर दाब न सोडता दवाखाना गाठावा. कवचाच्या मासळीची ॲलर्जी असेल तर कायटोसान वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

पट्टी काढताना ती पाण्याने भिजवावी आणि सुटेपर्यंत थांबावं. कोरडी ओढली तर गुठळीही सोबत येते आणि सगळं पहिल्यापासून. गुठळी मोडण्याची घाई आपण करायची गरज नसते. प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन गुठळी बनतानाच तिच्यात अडकलेलं असतं. खालचं अस्तर भरत आलं की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते फायब्रिनचे धागे आतूनच कापू लागतं.