सुट्टीतला मातीचा राजगड

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला की अंगणात, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात विटा-दगडांचा ढीग पडतो आणि दिवाळीच्या किल्ल्याचं काम सुरू होतं.

चिखलात बुडवलेली पोती दगडांवर पसरली की डोंगर उभा राहतो. वरून चाळलेल्या मातीचा हात फिरवायचा, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि पाणी हलकेच शिंपडायचं. भसकन ओतलं तर बी वाहून पायथ्याशी गोळा होतं.

मनातला किल्ला करण्यापेक्षा खरा गड निवडलेला कधीही चांगला. राजगड करायचा तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला आलाच. मग नकाशा शोधावा लागतो, पुस्तकं उघडली जातात. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड का दडवला, हे तो स्वतःच्या हातांनी बांधताना जितकं उमगतं तितकं धडा पाठ करून उमगत नाही.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात तमिळनाडूतला जिंजीही आहे. तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारी तटबंदी, असा हा किल्ला एखाद्या गटाने येत्या दिवाळीत जरूर करून पाहावा.