परमुलुखातील मल्ल

शिरूर-दौंडाकडील गावांत जत्रा भरली म्हणजे कुस्त्यांचा हगामा हा ठरलेलाच. आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात, आणि दिवस कलू लागला की मोठ्या इनामाच्या नेमलेल्या कुस्त्या लागतात. अशा वेळी एखादा मल्ल परप्रांतातून, अथवा मोठ्या मैदानात इराणसारख्या परदेशातून आलेला असला, तर प्रेक्षकांत दोन मते पडतात. कोणी त्याच्या तयारीची वाखाणणी करतो, कोणी म्हणतो, "आपल्या मातीतले इनाम बाहेरच्याने का न्यावे?" हा प्रश्न केवळ कुस्तीपुरता नाही. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्या आखाड्याची भाषाच पाहा. मल्ल हा शब्द संस्कृत खरा. परंतु कुस्ती, पैलवान, जोर, वस्ताद हे शब्द फारसीतून आले आणि तालीम हा अरबीतून. हे सारे पाहुणे शब्द बाहेर घालविले, तर आपल्या ह्या अस्सल देशी खेळाचे वर्णन करावयास आपणास बोलताच येणार नाही!

जी गोष्ट शब्दांची, तीच माणसांची. कोल्हापूरचे शाहू महाराज ह्यांनी मल्लविद्येस मोठा आश्रय दिला आणि उत्तरेकडील नामांकित मल्लांस आपल्या नगरीत बोलाविले. 1912 साली सुरू झालेल्या त्यांच्या खासबाग मैदानात पंजाबी मल्लांच्या कुस्त्या पाहण्यास लोक लोटत. पुढे 1947 साली पंजाबचे दोन भाग झाले व अर्धा पंजाब परदेश ठरला. तरीही पाकिस्तानातून आलेले सादिक पंजाबी कोल्हापूरकरांस परके वाटले नाहीत. त्यानंतरच्या काळात दिल्लीचे सतपाल आले. हरिश्चंद्र बिराजदार, युवराज पाटील ह्या आपल्या मल्लांच्या त्यांच्याशी झालेल्या झुंजींची वर्णने वृद्ध मंडळी आजही रंगून करतात. जोड तोलाचा असल्यावाचून मल्लाची परीक्षा होत नाही, आणि तोलाचा जोड दर वेळी शेजारच्याच गावी सापडतो असे नाही.

आपणही कोठे तरी परके असतोच. 1910 साली गामा पैलवान लंडनला गेले. तेथे पोलंडच्या झिबिस्को ह्या धिप्पाड मल्लाशी त्यांची कुस्ती अडीच तासांवर चालून बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा झुंजण्याचे ठरले असता झिबिस्को आलाच नाही. परंतु 1928 साली तोच झिबिस्को पतियाळास येऊन गामांपुढे उभा राहिला आणि एका मिनिटाच्या आत चीत झाला. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गेले, तेव्हा त्यांना माती सोडून परक्या गादीवर परक्या नियमांनी लढावे लागले. तेथे त्यांचा सहावा क्रमांक आला. आणि चार वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले.

आता जपानकडे वळू. कारण हाच प्रश्न त्या देशाने सर्वांत काटेकोरपणे हाताळला आहे. तेथील सुमो ही कुस्ती सुमारे पंधरा फूट व्यासाच्या मातीच्या वर्तुळात होते. जो वर्तुळाबाहेर गेला, अथवा तळपायांखेरीज ज्याच्या अंगाचा कोणताही भाग भुईस लागला, तो हरला. वजनाचे गट नाहीत. वर्षात सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. वरच्या श्रेणीचा मल्ल रोज एक कुस्ती करतो. पंधरांपैकी आठ जिंकल्या तर त्याची पायरी राखली जाते वा वाढते, न जिंकल्या तर उतरते.

परदेशी तरुणास येथे नुसते बळ दाखवून भागत नाही. त्याने तालमीत राहावे, धाकटा म्हणून वडील मल्लांची सेवा करावी, जपानी भाषा शिकावी आणि जपानी नाव धारण करावे, असा दंडक आहे. शिवाय एका तालमीत परदेशी एकच. 2010 पासून जपानचे नागरिकत्व घेतलेला परदेशी जन्माचा मल्लही ह्याच हिशेबात धरितात.

एवढे सोसून हवाई बेटांतला एक तरुण 1964 साली तेथे गेला आणि ताकामियामा झाला. 1972 साली वरच्या श्रेणीची स्पर्धा जिंकणारा तो पहिला परदेशी जन्माचा मल्ल ठरला. त्याच बेटांतला कोनिशिकी तीन स्पर्धा जिंकूनही योकोझुना ह्या सर्वोच्च पदास पोहोचला नाही, आणि परक्यास ते पद द्यावे काय ह्यावर 1992 साली मोठा वाद माजला. पुढल्याच वर्षी ते पद मिळविले अकेबोनो ह्याने. तोही हवाईचाच, आणि ताकामियामाने स्वतःची तालीम काढून तयार केलेला शिष्य! जो शिकावयास आला, तो गुरू होऊन बसला.

मागाहून मंगोलियाचे मल्ल आले. त्यांच्यापैकी हाकुहो ह्याने 2021 साली निवृत्त होण्यापूर्वी 45 स्पर्धा जिंकल्या. इतक्या दुसऱ्या कोणीही जिंकलेल्या नाहीत. 2006 च्या जानेवारीनंतर दहा वर्षे जपानात जन्मलेल्या एकाही मल्लास वरच्या श्रेणीची स्पर्धा जिंकता आली नाही. जपानी रसिकांस ह्याचे दुःख झाले, आणि ते साहजिकच होते. परंतु कोणी वर्तुळ लहानमोठे केले नाही की पंचाचा निर्णय फिरविला नाही. 2016 साली कोतोशोगिकू जिंकला, तेव्हा त्या विजयाची किंमत ह्यामुळेच मोठी ठरली.

ह्यावरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पाहुण्याने यजमानाच्या मातीस वंदन करून तिचा कायदा पाळावा. आणि यजमानाने तोच कायदा पाहुण्यास व घरच्यास सारखा लावावा. एक बाजू सुटली की आखाडा बिघडतो.

दौंडचे जंक्शन असो की घोडनदीकाठचे शिरूर असो, पोटापाण्यासाठी दूरदूरची कुटुंबे आपल्याकडे येतात, आणि आपली मुलेही उद्या दूर जातील. म्हणून विद्यार्थ्यांनो, पुढच्या जत्रेत परका मल्ल शड्डू ठोकून उभा राहील, तेव्हा आधी त्याचे गाव विचारू नका. त्याचे पाय कसे रोवले आहेत, तो पट कसा काढतो, ढाक कोणत्या हाताने लावतो, हे न्याहाळा. आपला मल्ल जिंकावा असे खुशाल म्हणा. मात्र पाहुण्याने निकाली कुस्ती केली, तर टाळी वाजविण्यात हात आखडता घेऊ नका.