एका एकवीस अंकी संख्येचे रहस्य

दोन हा अंक सदुसष्ट वेळा मांडून त्यांचा गुणाकार केला आणि उत्तरातून एक वजा केला, तर १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. या संख्येचे अवयव हाती येण्यास अडीच शतकांहून अधिक काळ लोटला.

एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज जिला दुसरा भाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. दोनाच्या घातातून एक वजा केला असता ३, ७, ३१, १२७ अशा मूळ संख्या मिळतात. अकराव्या घातापासून मिळणारी २,०४७ मात्र २३ व ८९ यांचा गुणाकार निघते. कोणता घात फसवील हे वरवर पाहून कळत नाही. फ्रान्समधील धर्मोपदेशक व गणिती मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत सदुसष्टाव्या घाताचाही समावेश होता.

१८७६ साली एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले. परंतु तिचा एकही अवयव त्यांना सांगता आला नाही. घरात चोर शिरला हे निश्चित, पण तो कोण हे ठाऊक नाही, अशातला हा प्रकार! त्यांच्या कसोटीला लेमर यांनी पुढे सुटसुटीत रूप दिले. चारापासून आरंभ करावयाचा, वर्गातून दोन वजा करावयाचे, तपासावयाच्या संख्येने भागून बाकी घ्यावयाची आणि त्या बाकीवर पुन्हा तीच क्रिया करावयाची. घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा असे केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ ठरते. ३१ साठी ४, १४, ८, ० असा क्रम येतो. सदुसष्टाव्या घाताच्या बाबतीत पासष्ट पायऱ्यांनंतरही शून्य येत नाही. या रीतीत अवयवांचा शोध घ्यावाच लागत नाही.

अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते अवयव मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर दोन्ही गणिते केली, उत्तरे जुळली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, अशी आख्यायिका आहे. या शोधासाठी तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले, असेही सांगितले जाते. या संख्येच्या प्रत्येक अवयवास १३४ ने भागले असता बाकी १ च उरते, त्यामुळे शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित होते. तरीही लहान अवयव या मालिकेत १४,४५,५८० व्या स्थानी दडलेला होता!

आज संगणक हे अवयव क्षणार्धात काढतो. शेकडो अंकी संख्यांपुढे मात्र त्याचीही गती खुंटते, आणि १९७७ साली मांडल्या गेलेल्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीची सारी भिस्त नेमकी या अडचणीवर आहे. संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याची, अंकांची संख्या वाढली तरी आवाक्यात राहणारी निश्चित रीत कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली दिली. अवयव पाडण्याची तितकी सुलभ रीत नेहमीच्या संगणकासाठी अद्याप कोणीही दिलेली नाही.