चकाकी उतरविण्याचे अर्थशास्त्र

लग्नसराई आटोपली म्हणजे मांडववाल्याचे, आचाऱ्याचे, छायाचित्रकाराचे हिशेब चुकते होतात आणि यजमान सुटकेचा निःश्वास टाकतात. एक हिशेब मात्र तीन-चार आठवड्यांनी दाराशी येतो, आणि तो वधूच्या बोटांवर येतो. माझ्या भाचीच्या लग्नात तिच्या नखांवर ‘बिल्डर जेल’चा जाड थर चढविण्यात आला होता. तिची नखे मुळातच नाजूक. हा थर दिला म्हणजे ती मोडणार नाहीत, असे पार्लरमध्ये सांगण्यात आले होते, आणि ते खोटेही नव्हते. पुढे मुळाशी नवे नख वाढले, थराची कड सुटू लागली, आणि एका संध्याकाळी गप्पा मारता मारता तिने दोन बोटांवरचा थर सरळ सोलून काढला. थराबरोबर नखाचा पापुद्राही निघून आला. “मावशी, गार पाणी लागलं तरी झोंबतंय गं,” असे ती म्हणाली, तेव्हा या विषयाकडे माझे प्रथम लक्ष गेले.

नखे रंगविण्यासारख्या विषयाने या पानावर जागा अडवावी काय, असा आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. परंतु जो व्यवसाय आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे, ज्यात हजारो मुली रोजगारासाठी उतरल्या आहेत, आणि ज्यात विक्री झाल्यावर महिन्याभराने व्यवहाराची खरी किंमत कळते, त्याचा विचार अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

प्रथम वस्तूचे स्वरूप समजावून घेतले पाहिजे. आपल्या परिचयाचे साधे नेलपॉलिश वाळते ते त्यातील द्रावक उडून गेल्यामुळे. म्हणूनच द्रावकाचा बोळा फिरविला की ते पुन्हा विरघळते. जेल पॉलिश वाळत नाही. अतिनील किरणांच्या दिव्याखाली त्यातील रेणू एकमेकांत गुंफले जाऊन त्यांचे जाळे तयार होते. हे जाळे ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. ते फुगते, सैल होते आणि नखावरची पकड सोडते. या क्रियेला वेळ लागतो. नखाला बळकटी देण्यासाठी जे जाड थर देतात, ज्यांना बाजारात बिल्डर जेल, रबर बेस अशी नावे आहेत, त्यांना तर अधिकच वेळ लागतो. शिवाय ‘हार्ड जेल’ म्हणून जो प्रकार आहे, त्यावर ॲसिटोनची मात्रा चालत नाही. तो कानशीने घासूनच उतरवावा लागतो. म्हणजे काढावयास बसण्यापूर्वी पहिला प्रश्न ‘लावले होते काय?’ हाच असला पाहिजे. भाचीच्या पार्लरमध्ये याचे उत्तर कोणालाही देता आले नाही. पावतीवर फक्त ‘नेल्स’ एवढाच शब्द होता.

नखाविषयीही एक भ्रम दूर करावयास हवा. ‘नखांना थोडे दिवस श्वास घेऊ द्या,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. नख श्वास घेत नाही. ते केराटिनने भरलेल्या मृत पेशींचे, एकावर एक दाबून बसविलेल्या पापुद्र्यांचे पान असते. त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यावयास सहा महिने लागतात. जे खरवडले गेले ते भरून येत नाही, पुढे सरकत जाऊन कापले जाते, एवढेच. कोणतेही तेल वा मलम हे काम लवकर करू शकत नाही. भांडवली वस्तूच्या घसाऱ्याचे याहून सोपे उदाहरण मी वर्गात आजवर दिलेले नाही.

अशा नखावरून थर उतरवावयाचा तो असा. खिडकी उघडी ठेवून बसावे. देवघरात निरांजन अथवा ओट्यावर गॅस पेटता असता कामा नये, कारण ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते. ॲसिटोन कोमट करावयाचे असल्यास बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावी, आचेवर कदापि नाही. प्रथम वरची चकाकी बारीक कानशीने मंद होईपर्यंतच घासावी; बोटाला उष्णता जाणवली की थांबावे. मग नखाभोवतीच्या कातडीवर व्हॅसलिनचा हात फिरवावा. कापसाचा नखाएवढाच बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा आणि बोट ॲल्युमिनिअमच्या कागदात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. (स्वस्थ बसणे हाच या प्रक्रियेतील सर्वांत अवघड भाग आहे.) आधी एकच बोट उघडून पाहावे. थर फुगून सुटला असेल तर लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हलकेच सरकवावा. सरकला नाही तर जोर न करता पुन्हा पाच मिनिटे गुंडाळावा. धातूची खरवडणी, ब्लेड किंवा दात यांचा उपयोग करावयाचा नाही. दोन-तीनदा गुंडाळूनही थर ढिम्म राहिला, तर तो बहुधा हार्ड जेल आहे असे समजून जाणत्या हाताकडे जावे.

नखे दुबळी असतील तर आणखी एक मार्ग आहे, आणि तो अधिक शहाणपणाचा आहे: सगळे काढूच नये. वरचा जाड भाग घासून कमी करावा, नख आखूड कापावे आणि तळचा पातळ थर नखाबरोबर वाढून पुढे जाऊ द्यावा. ‘एकदाचे स्वच्छ करून टाका’ हा आग्रहच पुष्कळदा घातक ठरतो, कारण शेवटचा चिवट अंश निघतो तो नखाच्या पापुद्र्यासकट. २०१२ साली अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी जेल पॉलिशनंतर नखे पातळ व ठिसूळ झालेल्या काही स्त्रियांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पैकी एकीच्या नखाची जाडी घटल्याचे त्यांनी ध्वनिलहरींनी मोजून दाखविले. थर उतरल्यावर हात धुऊन खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळावे आणि काही आठवडे भांडी घासताना रबरी हातमोजे वापरावे. नख खालच्या कातडीपासून सुटलेले दिसले, हिरवट झाले, ठणकू लागले अथवा बोटांना खाज सुटली, तर हे सारे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मुळात नखे दुबळी का, हेही त्यांनाच विचारावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या आहेत. लोहाच्या कमतरतेची खूण नखांवर उमटते, आणि जेलच्या थराखाली ती झाकलीही जाते.

आता माझ्या विषयाकडे वळते. पद्धत इतकी साधी आणि स्वस्त असताना नखे खरवडली का जातात? भाचीला घेऊन मी त्या पार्लरमध्ये गेले, तेव्हा दरफलकावर लावण्याचे दर ठळक होते. काढण्याचा दर नव्हताच. नवे लावून घेणार असाल तर जुने काढणे मोफत, असे सांगण्यात आले. आणि मुलीने विजेवर फिरणारी कानस हाती घेतली. आम्ही ॲसिटोनचा आग्रह धरला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “ताई, असं सावकाश काढत बसले तर दिवसाला चारच गिऱ्हाइकं होतील.” तिचे वेतन गिऱ्हाइकांच्या संख्येवर होते. ज्या अर्ध्या-पाऊण तासाचे मोल कोणीच देत नाही, तो तास ती देणार कोठून? फुकट म्हटलेल्या कामाची किंमत अशा रीतीने नखाच्या जाडीतून वसूल होते.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले होते, की मालाचा कस विक्रेत्यालाच ठाऊक असेल आणि ग्राहकाला नसेल, तर वाईट माल चांगल्याला बाजाराबाहेर ढकलतो. २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विवेचनाबद्दल. येथे नेमके तेच घडते. लावल्या दिवशी चांगल्या आणि वाईट कारागिराची नखे सारखीच चमकतात; फरक कळतो तो उतरविताना. तेव्हा वेळ घेऊन काम करणाऱ्या पार्लरला जादा दर मागता येत नाही, आणि तेही घाई करू लागते.

युरोपीय संघाने या क्षेत्रात काही नियम केले आहेत. ‘हेमा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे (आपल्याकडच्या एखाद्या मुलीचे वाटावे असे हे नाव!) ॲलर्जीकारक रसायन नखांच्या प्रसाधनांत केवळ व्यावसायिकांनीच वापरावे, असे तेथे २०२१ पासून बंधन आहे, आणि ‘टीपीओ’ या जेल घट्ट करणाऱ्या द्रव्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. परंतु हे सारे नियम बाटलीतील द्रव्याचे. बाटलीतून बाहेर पडलेल्या द्रव्याच्या परतीच्या प्रवासाविषयी ते मौन बाळगतात. पावतीवर जेलचा प्रकार व नाव लिहिणे, काढण्याचा स्वतंत्र दर फलकावर लावणे आणि तो मिनिटांशी जोडणे, एवढे तर पार्लरमालकांच्या संघटनांना कायद्याशिवायही करता येईल. दर वाढेल, हे खरे आहे. तो आजही दिला जातोच. फक्त पावती मिळत नाही. आणि त्या मुलीचाही विचार व्हावा. आपण महिन्यातून एकदा जी भुकटी व वाफ हुंगतो, ती तिच्या नाकातोंडात दिवसभर जाते, आणि न घट्ट झालेले जेल कातडीला वारंवार लागून ॲलर्जी जडली, तर पुढे तिला दातांच्या उपचारातील तशाच द्रव्यांचाही त्रास होऊ शकतो.

उरलेल्या आठ बोटांचे काम आम्ही एका रविवारी घरीच केले; दोन तास लागले. सहा नखे स्वच्छ निघाली, दोहोंवर पातळ थर तसाच ठेवला. सोललेल्या दोन नखांवरचा खरबरीत पट्टा परवा भाचीने दाखविला, तेव्हा तो नखाच्या मध्यापर्यंत आला होता. अजून तीन महिने तरी लागतील.