नाव आपले, वही कुणाची?

पॅन म्हणजे दहा चिन्हांचा एक शब्द. तो वाचायला मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. ओळखीपाळखीच्या लोकांना आलेल्या नोटिसा समजावून सांगता सांगता त्याची फोड कळत गेली. पहिली तीन अक्षरे क्रमाची. चौथे अक्षर धारक कोण ते सांगते: व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी', हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर 'एच'. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर. मग चार आकडे आणि शेवटी पडताळणीचे अक्षर.

1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि हा शब्द पंधरा चिन्हांच्या एका मोठ्या शब्दात जाऊन बसला. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा चिन्हे म्हणजे जसाच्या तसा पॅन. त्यामुळे एकट्याच्या मालकीचे दुकान असेल, तर मालकाचा पॅन प्रत्येक बिलावर छापलेला असतो. असा क्रमांक गुप्त कसा राहणार? खरा धोका असा, की क्रमांक आणि झेरॉक्स दाखवली की माणूसच समोर आला, असे धरले जाते.

याचा फायदा घेऊन कागदोपत्री पेढी उभी राहते. ती नुसती बिले देते. माल कुठेच हलत नाही. बिल घेणारा त्यावर दाखवलेल्या कराची वजावट मिळवतो. पेढी गायब होते आणि मागणीची नोटीस पॅनधारकाच्या दारात येते. अशा बनावट नोंदणी शोधण्यासाठी 16 मे 2023 पासून दोन महिने देशभर खास मोहीम घेण्यात आली होती. दुसरा प्रकार घरभाड्याचा. वर्षाला एक लाखावर भाडे दाखवून सवलत घ्यायची तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तिथे कुणी भलत्याचाच पॅन लिहिला, तर त्या भलत्याच्या नावावर न मिळालेले उत्पन्न चढू शकते.

पगारदार माणूस सल्लागार गाठतो. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र आपण न केलेला धंदा केला नाही, हे सिद्ध करावे लागते. तेही बहुधा इंग्रजी कागदाला उत्तर देऊन. मुदतीत उत्तर गेले नाही, तर निर्णय एकतर्फी होऊ शकतो.

म्हणून काही सवयी लावून घ्याव्यात. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकला की त्यावर घेतलेल्या नोंदणी दिसतात. त्यासाठी खाते लागत नाही. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर 'वार्षिक माहिती विवरण' उघडून एकेक नोंद वाचावी. नोंद आपली नसेल, तर तिथेच तसा अभिप्राय नोंदवता येतो. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे कारण आणि तारीख लिहावी. आधारची प्रत मागितली, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी द्यावी आणि बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवावेत.

नोटीस आली तर आधी ती खरी आहे का ते पाहावे. 1 ऑक्टोबर 2019 पासून प्राप्तिकर खात्याच्या पत्रांवर सर्वसाधारणपणे 'डिन' हा क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. मोबाइलवर आलेल्या दुव्यावर बोट ठेवू नये. नोटीस खरी निघाली, तर पोलिसांत तक्रार करावी, पोच घ्यावी आणि तिची प्रत जोडून मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात. ज्यांच्या घरात वहीच नाही, त्यांच्या नावे दुसऱ्याच कुणी ती उघडलेली असू शकते. त्या दिवशी आपला पॅन तपासताना घरकामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनलाही विचारावे, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांच्यादेखत त्यांचाही तपासून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.